बर्फ एकाचा, डोळे दुसऱ्याचे

1984 च्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या ऐन पोटात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, अमेरिकेचं हर्क्युलिस मालवाहू विमान उतरलं. तळ होता सोव्हिएत संघाचा, वोस्तोक. विमानातून उतरले ते फ्रेंच शास्त्रज्ञ. क्लोद लोरियुस आणि त्यांचे सहकारी रशियन अभियंत्यांनी खोलवरून काढलेला बर्फ न्यायला आले होते. त्याच वर्षी सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. आदल्या वर्षी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं आणि 269 माणसं मेली. मॉस्को आणि वॉशिंग्टन एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि इथे तीन देशांची माणसं बर्फाच्या पेट्या विमानात चढवत होती.

पृथ्वीच्या जुन्या हवामानाबद्दलचे लेख बहुधा हिमयुगांबरोबर चढउतरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रसिद्ध आलेखापासून सुरू होतात. मला त्या पेट्या आधी सांगाव्याशा वाटतात, कारण आलेख त्यांच्यातून निघाला.

वोस्तोक ही माणसाने राहावं अशी जागा नव्हे. 21 जुलै 1983 रोजी तिथे उणे 89.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जमिनीवरच्या हवामान केंद्रात इतका कमी पारा आजवर कुठेच नोंदलेला नाही. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, एप्रिल 1982 मध्ये, तळाच्या वीजघराला आग लागली. एक कामगार त्यात गेला. हिवाळ्यात तिथे विमान पोचत नाही, त्यामुळे उरलेल्यांनी जुगाड केलेल्या शेगड्यांवर कित्येक महिने काढले. अशा ठिकाणी लेनिनग्राडच्या खाण संस्थेचे अभियंते 1970 पासून बर्फात भोक पाडत होते. खोल बर्फ दाबाने हळूहळू सरकतो आणि भोक आवळतं. म्हणून त्यात केरोसीनसारखा द्रव भरून ठेवावा लागतो. ड्रिल अडकलं तर वर्षांची मेहनत जाते. ते अडकलंही, पुन्हा नवी भोकं पाडली गेली, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते 2,083 मीटरपर्यंत पोचले. हाताच्या पंज्याएवढ्या जाडीचे बर्फाचे दंडगोल एकामागून एक वर येत राहिले. या दंडगोलाला शास्त्रज्ञ ‘कोअर’ म्हणतात.

रशियनांकडे खोदण्याची हातोटी होती. बर्फातली हवा मोजण्याचं तंत्र फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं, आणि पाण्यातल्या समस्थानिकांचं (जड आणि हलक्या अणूंचं, ज्यांवरून जुनं तापमान कळतं) मोजमाप पॅरिसजवळच्या साक्लेला होत होतं. दोघांकडेही नसलेली गोष्ट, म्हणजे त्या पठारावर उतरून जड माल उचलणारी विमानं, अमेरिकनांकडे होती. 1959 च्या अंटार्क्टिक करारात शास्त्रीय माहिती आणि माणसांची देवाणघेवाण करण्याचं कलम आहे. पण करारातलं कलम आणि बर्फाच्या पेटीची पावती यांच्यामध्ये खूप पत्रं, खूप चहा आणि खूप विश्वास लागतो. लोरियुस आणि रशियन हिमशास्त्रज्ञ यांची ओळख जुनी होती, ती इथे कामी आली.

ग्रनोबलमध्ये पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. बर्फ पडतो तेव्हा कणांच्या मध्ये हवा असते. वर आणखी बर्फ साचत जातो, दाबाने कण एकमेकांना चिकटतात, आणि साधारण शंभर मीटर खोलीवर ती हवा बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. म्हणजे बुडबुड्यातली हवा तिच्या भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते; वोस्तोकला, जिथे बर्फ फारच थोडा पडतो, हा फरक काही हजार वर्षांचा आहे. बर्फाचं वय वेगळं आणि हवेचं वेगळं काढावं लागतं. मग बर्फाचा तुकडा निर्वात भांड्यात थंडीतच चिरडायचा, बाहेर पडलेली चिमूटभर हवा यंत्रात घ्यायची, आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती ते मोजायचं. बाहेरच्या आजच्या हवेचा एक श्वास जरी आत शिरला तरी तो नमुना फुकट.

1 ऑक्टोबर 1987 च्या ‘नेचर’च्या अंकात याचे तीन लेख एकदम आले. फ्रेंच आणि सोव्हिएत नावं शेजारीशेजारी छापलेली होती. 1,60,000 वर्षांचा हिशेब त्यात होता. तापमान चढलं की कार्बन डायऑक्साइड चढलेला, उतरलं की उतरलेला. हिमयुगात हवेच्या दर दहा लाख भागांत 190 ते 200, उबदार काळात 260 ते 280. पुढे त्याच वोस्तोकवर भोक 3,623 मीटरपर्यंत नेलं आणि 1999 मध्ये नोंद 4,20,000 वर्षांवर गेली. मर्यादा जवळजवळ त्याच राहिल्या. आज हा आकडा 420 च्या वर आहे. मधल्या काळात सोव्हिएत संघ विसर्जित झाला होता, तरी कोअरचं काम थांबलं नाही.

हे सगळं करायचं सुचलं कसं, याची मुळं आणखी मागे आहेत. 1952 च्या जूनमध्ये कोपनहेगनला सुटीच्या दिवसांत लांबलचक पाऊस लागला. विली डान्सगार्ड नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने बागेत बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्यावर नरसाळं लावलं, आणि पाणी बदलत बदलत गोळा केलं. ऑक्सिजनचे जड आणि हलके अणू पावसात कोणत्या प्रमाणात येतात ते ढगाच्या तापमानावर ठरतं, हे त्या पाण्याने त्यांना दाखवलं. मग ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात जुनं तापमान लिहिलेलं असणार, हे ओघाने आलंच. पण बर्फ खोदायची साधनं डान्सगार्डकडे नव्हती. ती अमेरिकन सैन्याकडे होती. ग्रीनलंडच्या बर्फाखाली वसवलेल्या कॅम्प सेंच्युरी या लष्करी तळावर 1966 मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी जवळजवळ 1,400 मीटर खोल जाऊन तळचा खडक गाठला. त्या कोअरची देखभाल चेस्टर लँगवे करत होते. डान्सगार्डनी त्यांना कळवलं की हा सबंध कोअर मी मोजून देतो. लँगवेंनी बर्फ दिला. 1969 मध्ये त्यातून लाखभर वर्षांच्या हवामानाची नोंद प्रसिद्ध झाली. बर्फातल्या वायूंचे जाणकार असलेले स्वित्झर्लंडच्या बर्नमधले हान्स ओश्गर या दोघांना येऊन मिळाले, आणि ग्रीनलंडच्या हवामानाने हिमयुगात काही दशकांत घेतलेल्या उड्या आज डान्सगार्ड-ओश्गर या जोडनावाने ओळखल्या जातात.

लँगवेंच्या त्या होकाराचं मोल मला फार वाटतं. नमुना ज्याने काढला, त्याला तो स्वतःजवळ ठेवायचा मोह होणं अगदी साहजिक आहे. लेख आपल्या नावावर यावा असं कोणालाही वाटतं. पण बर्फ आपल्या फ्रीजरमध्ये पडून राहिला तर त्याची भाषा कोणालाच कळणार नाही, हे ज्यांना उमगलं त्यांच्यामुळे हे शास्त्र उभं राहिलं.

समुद्राच्या तळच्या गाळाची कथाही तशीच. अमेरिकेतल्या लॅमाँट वेधशाळेचे संस्थापक मॉरिस युइंग यांनी आपल्या जहाजांना एक नियम घालून दिला होता: जिथे असाल तिथे, रोज एक कोअर काढा. त्या वेळी तो चिखल कशासाठी लागणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नळकांडी भरत गेली, फडताळं भरत गेली. 1971 मध्ये जिम हेज, जॉन इम्ब्री आणि इतरांनी ‘क्लायमॅप’ हा प्रकल्प सुरू केला आणि हिमयुगातल्या समुद्रांचा नकाशा काढायचं ठरवलं, तेव्हा त्या फडताळांना अर्थ आला.

हेज रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जिवांचे तज्ज्ञ. इम्ब्री हे कवचांच्या प्रमाणावरून पाण्याचं तापमान काढायची गणिती पद्धत बसवणारे. केंब्रिजचे निक शॅकल्टन कवचांतल्या ऑक्सिजनवरून पृथ्वीवर एकूण किती बर्फ साठला होता ते सांगू शकत. तिघांना लांब काळाची आणि भराभर साचलेली नोंद हवी होती. ती सापडली दक्षिण हिंदी महासागराच्या दोन कोअरमध्ये. एक लॅमाँटच्या ‘कॉनराड’ जहाजाने काढलेला, दुसरा ‘एल्टॅनिन’ जहाजाने, फ्लोरिडाच्या विद्यापीठात ठेवलेला. दोन्ही जोडून साडेचार लाख वर्षांचा गाळ झाला. डिसेंबर 1976 मध्ये त्यांनी दाखवलं की हिमयुगांचा ताल सुमारे एक लाख, 42 हजार आणि 23 हजार वर्षांचा आहे, आणि हे ताल पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या डोलण्याशी जुळतात. मिलुटिन मिलानकोविच या सर्बियन गणितज्ञाने कागदावर मांडलेला हाच सिद्धांत त्याच्या हयातीत बहुतेकांनी बाजूला ठेवला होता. त्याला पुरावा मिळाला तो असा, वेगवेगळ्या विद्या जाणणाऱ्या तिघांनी एकाच चिखलात बोटं घातली तेव्हा.

क्लायमॅपचा नकाशा मात्र एका ठिकाणी कच्चा निघाला. हिमयुगातही उष्ण कटिबंधातले समुद्र जवळजवळ आजच्याइतकेच गरम होते असं त्याने सांगितलं. पुढे प्रवाळ, भूजल आणि डोंगरांवरच्या जुन्या हिमरेषा यांनी ते खोडून काढलं. तिथेही गारवा आला होता. उष्ण कटिबंधाबद्दल अंदाज चुकण्याची ही शेवटची वेळ नव्हती, कारण नोंदी मुख्यतः उत्तरेच्या श्रीमंत देशांजवळच्या. आफ्रिका, दक्षिण आशिया, दक्षिण अमेरिका यांच्या जागी नकाशावर विरळ ठिपके.

ही विरळता भरून काढायची तर एकेक ओळखीवर, एकेका पत्रावर चालणारं काम पुरणार नव्हतं. 1991 मध्ये बर्नला ‘पेजेस’ नावाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची सुरुवात झाली. पृथ्वीवर पूर्वी झालेल्या बदलांचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र आणायचं, एवढंच त्याचं काम. स्वतःची प्रयोगशाळा नाही, जहाज नाही. छोटं कार्यालय आणि बैठका. ऐकायला फार थोडं वाटतं, पण वृक्षवलयं मोजणारा, प्रवाळ कापणारा आणि बर्फ चिरडणारा एका टेबलावर बसवणं हे सोपं नाही. प्रत्येकाची कालगणना वेगळी. झाडाचं वलय वर्षाला बांधलेलं असतं, सरोवराच्या गाळाच्या वयात पन्नास-शंभर वर्षांची चूक सहज असते, आणि प्रवाळ महिन्यांत बोलतो. कोणाच्या नोंदीवर किती विसंबायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालतात.

फेब्रुवारी 2013 मध्ये पेजेसची खुली शास्त्र परिषद गोव्यात भरली, आणि तिच्या आधी तरुण शास्त्रज्ञांची वेगळी बैठक. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. तिच्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल 2013 मध्ये, पेजेसच्या ‘टू-के’ गटाचं मोठं काम प्रसिद्ध झालं: गेल्या दोन हजार वर्षांत खंडोखंडी तापमान कसं बदललं. 24 देशांचे 78 शास्त्रज्ञ, 511 नोंदी. आफ्रिकेसाठी पुरेशा नोंदीच नव्हत्या, म्हणून ती वगळावी लागली. निष्कर्ष असा की पृथ्वी शतकानुशतकं हळूहळू थंड होत आली होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर ती चाल उलटली. 2019 मध्ये त्याच गटाच्या विस्तारलेल्या साठ्यावरून आणखी एक गोष्ट निघाली. मध्ययुगातली ऊब किंवा नंतरचं ‘छोटं हिमयुग’ सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी आलंच नव्हतं. कुठे एका शतकात, कुठे दुसऱ्या. विसाव्या शतकातली ऊब मात्र पृथ्वीच्या 98 टक्क्यांहून जास्त भागावर दोन हजार वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. ‘हवामान तर नेहमीच बदलत आलंय’ असं म्हणणाऱ्याला देण्याजोगं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही, आणि ते एका देशाच्या नोंदींतून कधीच मिळालं नसतं.

आपल्या मॉन्सूनकडे वळू. त्याची जुनी नोंद ओमानच्या किनाऱ्याजवळ आहे. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की तिथे खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं, आणि त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा वाळूच्या कणाएवढा जीव भरभरून वाढतो. तो मेला की कवच तळाला. गाळाच्या थरात ही कवचं किती आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजलं की त्या काळातल्या वाऱ्याचा जोर कळतो. 1987 मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या आंतरराष्ट्रीय वेधन-जहाजाने तिथे कोअर काढले. खरगपूर आयआयटीचे अनिल गुप्ता यांनी त्यातल्या एका भोकाचा गाळ घेऊन, अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर 2003 मध्ये दाखवलं की गेल्या दहाएक हजार वर्षांत उत्तर अटलांटिक थंडावला की आपला मॉन्सून दुबळा पडत आला आहे. मुंबईच्या पावसाचा धागा आइसलंडजवळच्या समुद्रापर्यंत जातो, हे त्या कवचांनी सांगितलं.

हेच जहाज 2015 मध्ये पुन्हा अरबी समुद्रात आलं, या वेळी भारताच्या बाजूला. कोलंबोहून निघून दोन महिन्यांनी मुंबईला लागलं. गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि लुइझियानाचे पीटर क्लिफ्ट हे त्या मोहिमेचे प्रमुख. जहाजावरचं काम बारा बारा तासांच्या पाळ्यांत चालतं. साडेनऊ मीटरची नळी वर आली की डेकवर पुकारा होतो. मग तिचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा लांबीत उभा चिरतात. एक अर्धा हात न लावता जपून ठेवायचा, दुसरा नमुने काढायला. पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर समुद्रतळाखाली अकराशे मीटरहून खोल जाताना त्यांना मध्येच शेकडो मीटर जाडीचा उलथापालथ झालेला थर लागला. साधारण एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उताराचा मोठा कडा समुद्रात घसरला होता. त्याला ‘नटराज’ असं नाव दिलं गेलं. त्याने तळची काही पानं फाडली, पण वरचा गाळ शाबूत आहे.

मोहीम संपल्यावर वर्षभर जहाजावरच्या शास्त्रज्ञांचा त्या नमुन्यांवर पहिला हक्क असतो. नंतर जगातला कोणताही संशोधक अर्ज करून मागू शकतो. अरबी समुद्राचा हा गाळ आता जपानमधल्या कोचीच्या शीतगृहात आहे. आपल्या समुद्राचा चिखल परदेशात का, असा प्रश्न कोणी विचारेल. मला त्यापेक्षा असा प्रश्न विचारावासा वाटतो की आपल्याकडची किती विद्यापीठं तो मागवतात. आणि काळजीची गोष्ट ही की ते जहाज 2024 मध्ये अमेरिकेने सेवेतून काढलं. त्याच्या तोडीचं दुसरं तेव्हा लगेच हाताशी नव्हतं. अंटार्क्टिकात मात्र काम पुढे गेलं: दहा युरोपीय देशांच्या गटाने जानेवारी 2025 मध्ये 2,800 मीटर खोदून बारा लाख वर्षांहून जुना बर्फ वर आणला.

समुद्राचा गाळ शतकं सांगतो. दुष्काळाचा काळ त्याहून जवळून पाहायला गुहा लागते. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे, जवळपास मुंबईच्याच अक्षांशावर. छतातून थेंब पडत राहतात आणि खाली चुन्याचा खांब चढत जातो. त्या खांबाच्या थरांचं वय मिनेसोटात युरेनियम-थोरियम पद्धतीने काढलं, कॅलिफोर्नियाचे आशिष सिन्हा, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे आर. रमेश आणि इतर अनेक जण एकत्र आले, आणि 2007 मध्ये सन 600 ते 1500 अशी नऊशे वर्षांची पावसाची नोंद उभी राहिली. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यापर्यंत मॉन्सून अनेकदा कमकुवत झालेला त्यात दिसतो. आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. 1396 पासून बारा वर्षं पाऊस नाही, मुलूख ओस पडला, अशी परंपरेने चालत आलेली आठवण. ग्रँट डफनेही ती नोंदवली. तिच्यानंतर पन्नासएक वर्षांनी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडली. आपण या कथा कीर्तनात ऐकतो. बस्तरच्या चुन्यातल्या ऑक्सिजनने त्या काळावर बोट ठेवलं, हे मला विलक्षण वाटतं.

गुहेच्या जोडीला झाडं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठाण्याच्या जंगलातल्या सागाची वलयं वाचायला घेतली होती. साग हे आपल्याकडचं असं झाड की ज्याला वर्षाचं वलय स्पष्ट पडतं. बारीक पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. झाड मरत नाही. पुढे केरळच्या सागातून 523 वर्षांची साखळी जुळली, आणि एल निनोच्या वर्षांत वलयं अरुंद पडलेली तिच्यात दिसली. पण महाराष्ट्रात इतका जुना साग उभा राहिलेला नाही. तो केव्हाच वाड्यांच्या तुळयांत आणि जहाजांच्या फळ्यांत गेला. पुण्यात, नाशकात, वाईत वाडा पाडला की त्या तुळया भंगारात किंवा फर्निचरवाल्याकडे जातात. कापण्याआधी त्यांची एक आडवी चकती कोणी जपून ठेवली, तर झाड कधीच्या पावसावर वाढलं हे कदाचित पडताळता येईल. हे काम एकट्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यातलं नाही. वाडा पाडणारा कंत्राटदार, सुतार आणि वास्तूचा इतिहास जाणणारा यांना बरोबर घ्यावं लागेल.

आणि कागद. जॉर्ज अॅडमसन आणि डेव्हिड नॅश या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी रोजनिशा, मिशनऱ्यांची पत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळून पश्चिम भारतातल्या 1781 ते 1860 या काळातल्या पावसाची वर्षवार नोंद बांधली. भारतीय हवामान खातं 1875 चं. त्याच्या आधीचा हा सगळा काळ त्यांनी इंग्रजी कागदांवरून भरून काढला. पुण्याच्या पेशवा दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडी लिपीत. 1930 च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यांतून निवड करून 45 खंड काढले, पण निवड मुख्यतः राजकारणाची. गावोगावच्या कमाविसदारांचे हिशेब, अवर्षणामुळे दिलेली वसुलीतली सूट, पेरणी आणि बी-बियाण्याच्या तगाईच्या मागण्या, हे रुमालांत बांधलेलं आहे. त्यात तिथी असते. पाऊस मोजायची आपली रीत नक्षत्राची. मृग कोरडा गेला की आर्द्रात पडला, हे लिहिलं की तेरा-चौदा दिवसांच्या आत काळ सापडतो. झाडाचं वलय फक्त वर्ष सांगतं, गुहेचा खांब काही वर्षांचा गठ्ठा. पाऊस जूनमध्ये दडी मारून बसला की ऑगस्टमध्ये, हे त्या दोघांना सांगता येत नाही. शेतकऱ्याचं साल मात्र नेमकं त्यावर ठरतं.

मोडी वाचणारे आता थोडे आहेत, आणि त्यांतले बरेच वयस्कर. वर्ग चालतात, तरुण शिकतातही, पण त्यांना वाचायला देतात ती मुख्यतः वंशावळी, जमिनीचे दाखले. त्यांतल्या दहा जणांना पावसाचे कागद शोधायचं काम पगारी द्यावं, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या वृक्षवलयवाल्यांनी कोणती वर्षं आधी हवीत ते सांगावं, आणि जे निघेल ते पेजेसच्या साठ्यात सगळ्या जगाला खुलं करावं, असं मला मनापासून वाटतं. दफ्तर आणि संस्था एकाच शहरात आहेत. ड्रिल लागणार नाही, जहाज लागणार नाही, हर्क्युलिस विमान तर नाहीच. पहिले रुमाल 1790 च्या दशकाचे उघडावेत. त्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, आणि केरळच्या सागात, अॅडमसन-नॅश यांच्या कागदांत ती वर्षं आधीच वाचली गेली आहेत, म्हणजे मोडीतून आलेलं उत्तर ताडून बघायची सोय तयार आहे.